जुन्या हप्त्याचा डाग आपणच पुसावा



या सदरात आम्ही घरखर्चाच्या आणि मुलांच्या शिक्षणाच्या गोष्टी सांगत असतो. आज आमच्याच घरची गोष्ट सांगणार आहोत. सांगताना थोडा संकोच वाटतो. पण कर्जाची गोष्ट झाकून ठेवली की ती आणखी वाढते, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

२०२४ साली आमच्या थोरल्या मुलीला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी कागद घेऊन आम्ही दोघे नवरा-बायको बँकेत गेलो. अशा कर्जात आई-बाप सहकर्जदार असतात, म्हणून बँक त्यांचाही पतअहवाल पाहते. साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "काका, तुमच्या नावावर जुनी थकबाकी दिसते. आधी ती मिटवा."

मुलीच्या तोंडाकडे पाहण्याचे आमचे धाडस झाले नाही. बाहेर एक गृहस्थ भेटले. "सहा हजार द्या, महिन्याभरात अहवाल साफ करून देतो," म्हणाले. आम्ही पैसे उसने आणायच्या विचारात होतो. मुलगीच म्हणाली, "बाबा, आधी त्यात काय लिहिलंय ते तरी वाचू या."

पतअहवाल म्हणजे कर्जदाराचे प्रगतिपुस्तक. २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या चार कंपन्या तो ठेवतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या हप्त्यांची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण मिळतात. यातील प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. मुलीने मोबाईलवर तो काढला आणि आम्ही तिघे चटईवर बसून ओळ न् ओळ वाचू लागलो.

डाग दोन निघाले.

पहिला, २०१४ साली हप्त्याने घेतलेल्या फ्रीजचा. मधे कारखाना दोन महिने बंद होता, तेव्हा हप्ते थकले. पुढे वसुलीच्या माणसाकडे सगळे पैसे भरले. तरी अहवालात ३,८४० रुपये बाकी आणि पुढे 'रिटन ऑफ', म्हणजे बुडीत, असा शेरा. नोंद चुकीची होती. पण सिद्ध कशाने करायची? शेवटी ट्रंकेतल्या कापडी पिशवीत लग्नपत्रिका आणि लाईटबिलांच्या खाली त्या पावत्या सापडल्या.

दुसरा डाग मात्र खरा होता. २०२० च्या टाळेबंदीत घेतलेले छोटे कर्ज फिटेना, तेव्हा कंपनीने काही रक्कम सोडून तडजोड केली. आम्ही समजलो, सुटलो. अहवालात मात्र 'सेटल्ड' असा शेरा पडला. सेटल्ड म्हणजे फिटलेले नव्हे. काही पैसे बुडाले, असा त्याचा अर्थ. पूर्ण फेडले तरच 'क्लोज्ड' लिहिले जाते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. चुकीची नोंद दुरुस्त होते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. खरी नोंद मात्र कोणताही एजंट पुसू शकत नाही. सात वर्षांनी सारे आपोआप पुसले जाते, असेही लोक सांगतात. पण सात वर्षे ही माहिती जपण्याची किमान मुदत आहे, पुसण्याची हमी नव्हे.

मग आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो.

फ्रीजच्या नोंदीबद्दल, अहवालावरचा कंट्रोल नंबर टाकून, पतकंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली. कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय पतकंपनी नोंद बदलत नाही. म्हणून फायनान्स कंपनीलाही पावत्यांच्या झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टाने पत्र पाठवले आणि पोहोच जपून ठेवली. मूळ पावती कोणालाही दिली नाही.

अशी तक्रार ३० दिवसांत मिटवावी लागते. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याने दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी असतात. मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. पतकंपन्याही २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत. आम्हाला तेथवर जावे लागले नाही. सव्विसाव्या दिवशी बाकी शून्य झाली.

दुसऱ्या कर्जाचे सुटलेले ७,५०० रुपये आम्ही भरायचे ठरवले. पण भरण्याआधी कंपनीकडून लेखी घेतले, की इतकी रक्कम मिळताच खाते 'क्लोज्ड' कळवू. पैसे खात्यातूनच भरले, माणसाच्या हातात दिले नाहीत. मग बेबाकी दाखला घेतला. पूर्वीच्या उशिराची नोंद राहिलीच. ती खरी आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

या दोन महिन्यांत पहिल्या फीसाठी घरातल्या पाटल्या गहाण पडल्या. कर्ज मंजूर झाले, पण त्या सोडवायला वर्ष गेले. अहवाल आधीच वाचला असता तर ती वेळ आली नसती.

म्हणून भगिनींनो, मुलगा-मुलगी दहावीला गेली की आपले अहवाल काढून बघा. आपण कोणाला जामीन राहिलो असू तर तेही त्यात दिसते. वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोराला शेजारी बसवा. त्यात लाज कसली? आणि शेवटचा हप्ता भरला की बेबाकी दाखला मागितल्याशिवाय उठू नका. आमच्या घरी ती कापडी पिशवी आता ट्रंकेच्या तळाशी नसते. रेशनकार्डाबरोबर कपाटात असते.