रोज एक चित्र: कलेची पिग्मी ठेव

पिग्मी ठेव ठाऊक नाही असे दुकान व्यापारी पेठेत विरळाच. पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही योजना सुरू केली. दिवसाकाठी दोन आण्यांसारखी किरकोळ रक्कम बँकेचा प्रतिनिधी दारात येऊन घेऊन जात असे. योजनेचे मर्म दोन गोष्टींत होते. रक्कम इतकी लहान की ती देता येत नाही असे म्हणण्याची सोय राहू नये, आणि ती घेणारा माणूस रोज ठरल्या वेळी समोर उभा राहावा. मुदतीअखेर हाती येणारी रक्कम पाहून ठेवीदारालाच आश्चर्य वाटे, कारण ती बाजूला पडताना त्याला जाणवलेलीच नसे.

कलेच्या क्षेत्रात हेच तत्त्व गेली वीस वर्षे जगभर रुजले आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड येथील चित्रकार ड्वेन कायझर यांनी डिसेंबर २००४ मध्ये रोज एक पोस्टकार्डाएवढे तैलचित्र पूर्ण करण्याचा उपक्रम आरंभिला आणि ती चित्रे इंटरनेटवरून लिलावात विकली. विषय साधेच असत, घरात आणि टेबलावर सहज सापडणाऱ्या वस्तूंचे. २००९ साली जेक पार्कर या चित्रकाराने ऑक्टोबर महिनाभर रोज एक शाईचे रेखाटन करण्याचा संकल्प केला. ‘इंकटोबर’ या नावाने तो आज अनेक देशांत पाळला जातो. त्यानंतर तीस दिवसांत तीस चित्रे, शंभर दिवसांत शंभर चित्रे, असे अनेक संकल्प रूढ झाले. त्यांना प्रवेशशुल्क नाही, परीक्षक नाही. करार फक्त स्वतःशी असतो, आणि तो मोडला तर विचारणारेही कोणी नसते.

हा संकल्प बहुधा कौशल्याअभावी मोडत नाही. तो मोडतो घरात. पहिले आठ-दहा दिवस उत्साहात जातात. मग मुलांच्या परीक्षा येतात, सासूबाईंना दवाखान्यात न्यावे लागते, पाहुणे मुक्कामाला येतात, दुकानात मालमोजणी निघते, एखाद्या लग्नासाठी चार दिवस परगावी जावे लागते. एक दिवस चुकतो, मग तीन. राहिलेली चित्रे एकदम भरून काढण्याचा विचार मनावर ओझे होऊन बसतो आणि रंगपेटी कपाटात परत जाते. त्यासोबत एक बोचरी समजूतही घर करते, की संसार आणि कला यांचे जमत नाही आणि एकाला न्याय द्यायचा तर दुसऱ्यावर अन्याय होणारच. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी काही चित्रकारांची आयुष्ये उघडून पाहणे उपयोगी ठरेल.

इंग्लंडचे थोर निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६ ते १८३७) हे व्यापाऱ्याचे पुत्र. वडील सफोक परगण्यात धान्याचा व्यापार करीत, त्यांच्या पिठाच्या गिरण्याही होत्या. जॉन यांनी व्यवसाय सांभाळावा अशी घरची अपेक्षा होती आणि काही काळ त्यांनी तो सांभाळलाही. पवनचक्कीवर काम करताना वारा आणि ढग वाचण्याची सवय त्यांना तेव्हाच जडली. १७९९ साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत दाखल झाले. पेढीचा भार पुढे धाकट्या भावाने उचलला. एका भावाने गिरण्या सांभाळल्या म्हणून दुसऱ्याला चित्रे काढता आली, हे कलेच्या इतिहासात ठळकपणे लिहिले जात नाही, पण व्यापारी कुटुंबांच्या ते चटकन लक्षात येईल.

कॉन्स्टेबल यांचा विवाह १८१६ साली, वयाच्या चाळिशीत झाला. पत्नी मरिया यांना क्षयाचा विकार होता. लंडनची हवा त्यांना मानवेना, म्हणून १८१९ पासून हे कुटुंब शहराच्या उत्तरेकडील हॅम्पस्टेड या उंचावरील गावी उन्हाळ्यात राहू लागले. घरात लहान मुले होती, पत्नीची प्रकृती तोळामासा होती, आणि त्याच वेळी प्रदर्शनांसाठी सहा-सहा फूट रुंदीचे कॅनव्हास रंगवण्याचे कामही चालू होते. दूरवर भटकून चित्रे काढण्याची मोकळीक फारशी नव्हती. तेव्हा कॉन्स्टेबल यांनी घरापासून काही पावलांवर मिळणारा विषय निवडला. तो होता आकाश. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत त्यांनी ढगांची सुमारे शंभर चित्रे काढली. ती छोट्या कागदांवर तैलरंगांत, अल्पावधीत पूर्ण केलेली होती. अनेक चित्रांच्या पाठीमागे त्यांनी तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली. एखाद्या मुनीमाने रोजकीर्द लिहावी तशी ही आकाशाची कीर्द होती.

१८२८ साली मरिया यांचे निधन झाले आणि सात मुलांचा सांभाळ कॉन्स्टेबल यांच्याकडे आला. हॅम्पस्टेडच्या त्या तारखा लिहिलेल्या कागदांकडे आज पाहताना हवामानाचे अभ्यासक ढगांचे प्रकार पाहतात, रसिक रंग पाहतात. ज्याला हा कौटुंबिक तपशील ठाऊक आहे, त्याला आणखी काही दिसते. आजारी माणूस घरात असताना एका गृहस्थाने घर न सोडता, रोजच्या धावपळीतून वेळ काढून, डोक्यावरच्या आकाशाचा एकेक तुकडा जपून ठेवला होता.

जपानचे होकुसाई यांचे उदाहरण वेगळ्या वयाचे आहे. जन्म १७६०चा. उतारवयात नातवाच्या उधळेपणाने त्यांना कर्जाच्या विवंचनेत टाकले. १८३९ साली आगीत त्यांचे कामाचे साहित्य व रेखाटने जळाली. अशा स्थितीत, ऐंशी वर्षांचा टप्पा ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या सुमारास त्यांनी रोज एक सिंह काढण्याचा नेम धरला. हे सिंह चिनी पद्धतीचे असून अरिष्ट टळावे या भावनेने काढलेले होते. त्यांपैकी दोनशेहून अधिक रेखाटने आजही उपलब्ध आहेत. काही सिंह नाचतात, काही झोपलेले आहेत, काही रागावलेले दिसतात. विषय एकच असल्यामुळे ‘आज काय काढावे’ या विचारात सकाळ वाया जात नसे. त्यांची कन्या ओई हीसुद्धा कसलेली चित्रकार होती आणि वडिलांसोबतच राहून काम करीत असे. संकटाच्या दिवसांत त्या घराला या कामाचा आधार होता.

स्त्रियांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न अधिक तीव्र असतो. फ्रान्सच्या बेर्त मोरिझो यांचा दाखला इथे महत्त्वाचा आहे. १८७४ साली पॅरिसमध्ये भरलेल्या दृकप्रत्ययवादी चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनात त्या सहभागी होत्या. १८७८ साली कन्या ज्यूली हिचा जन्म झाला. त्यानंतर घर, बाग, खेळणारी मुलगी, तिच्यासोबत बसलेले तिचे वडील हे मोरिझो यांच्या चित्रांत वारंवार येणारे विषय झाले. आपला वेळ ज्या गोष्टी घेत होत्या, त्यांनाच त्यांनी चित्रात आणले. ज्यूलीचे बालपण ते तारुण्य आईच्या चित्रांतून वर्षागणिक पाहता येते. कोणत्याही छायाचित्रांच्या अल्बमला हेवा वाटावा असा तो ठेवा आहे.

राहिला प्रवास. जपानी चित्रकार ओन कावारा यांनी ४ जानेवारी १९६६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक मालिका सुरू केली. एकरंगी पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख, एवढेच चित्र. नियम मात्र कडक होता. मध्यरात्रीपूर्वी चित्र पूर्ण झाले नाही तर ते नष्ट करायचे. कावारा सतत फिरत असत आणि त्यांनी शंभराहून अधिक शहरांत ही चित्रे रंगवली. ज्या देशात असतील तेथील भाषेत तारीख लिहायची, आणि तेथील लिपी रोमन नसेल तर एस्परांतो भाषेत, असा त्यांचा परिपाठ होता. अनेक चित्रांच्या खोक्यांत त्या दिवसाच्या स्थानिक वृत्तपत्राचे कात्रण ठेवलेले असे. २०१४ साली ते निवर्तले, तेव्हा अशी जवळजवळ ३,००० चित्रे झाली होती.

या आकड्याचा हिशेब मांडून पाहावा. सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांत तीन हजार म्हणजे वर्षाला सरासरी साठ-पासष्ट चित्रे. याचा अर्थ असा, की रोजच्या चित्राचा जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध उपासकही वर्षातील बहुतेक दिवस चित्र काढत नव्हता. त्यांनी शंभर वर्षांची एक दिनदर्शिका ठेवली होती. तीत जगलेल्या दिवसावर एका रंगाचा ठिपका आणि चित्र पूर्ण केलेल्या दिवसावर दुसऱ्या रंगाचा. चित्र न झालेला दिवस त्यांच्या खात्यात थकबाकी म्हणून चढला नाही. तो जगलेला दिवस म्हणून नोंदला गेला आणि दुसरा दिवस उजाडला.

या उदाहरणांतून गृहस्थाला पाळता येतील असे चार नियम निघतात. पहिला मापाचा. कागद पोस्टकार्डाएवढाच असावा. मोठा कागद मोठा वेळ मागतो आणि मोठा वेळ संसारात सापडत नाही. दुसरा वेळेचा. अर्धा तास पुरेसा आहे, पण तो ठरलेला असावा आणि घरातील सर्वांना ठाऊक असावा. चोरून काढलेल्या वेळात मन चोरासारखेच राहते. तिसरा विषयाचा. एकच विषय महिनाभर घ्यावा. खिडकीतून दिसणारे झाड, दुकानातील तराजू, देवळाचे शिखर, ओट्यावरची पितळी भांडी, काहीही चालेल. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. चुकलेला दिवस सोडून द्यावा. दुकान बंद असलेल्या दिवसाची पिग्मी दुसऱ्या दिवशी दुप्पट भरण्याची सक्ती नसते. कागदावर आजचीच तारीख लिहावी आणि पुढे चालावे.

आरंभाचा काळही पाहून निवडावा. मार्चअखेर किंवा लगीनसराई त्यासाठी योग्य नव्हे. भर पावसाळ्यात कागद दमट राहतो आणि जलरंग लवकर वाळत नाहीत, तेव्हा त्या दिवसांत पेन्सिल किंवा पेन बरे. प्रवासात बारा वड्यांची छोटी रंगपेटी आणि दांड्यात पाणी भरता येणारा ब्रश असला की भांड्याचीही गरज पडत नाही. धावत्या गाडीत रंग सांडतात, म्हणून डब्यात पेन्सिलीने आकार उतरवून घ्यावा आणि मुक्कामी पोहोचल्यावर रंग भरावा. वेरूळला गेलेल्या कुटुंबाने ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांसमोर मोबाइलवर चाळीस छायाचित्रे घेण्यासोबत एकाच स्तंभासमोर वीस मिनिटे बसून पाहावे. स्तंभावरील कोरीव काम किती थरांचे आहे, हे हाताने उतरवू लागल्यावरच डोळ्यांना कळते.

साहित्य घेताना अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी काही गोष्टी जाणून घेणे इष्ट आहे. जलरंगांसाठी नावाजलेले ‘सेबल’ ब्रश मुंगुसासारख्या दिसणाऱ्या वीझल या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. खारीचे आणि डुकराचे केसही ब्रशांसाठी वापरले जातात. ‘आयव्हरी ब्लॅक’ हा काळा रंग आज जाळलेल्या हाडांपासून बनतो, तर अस्सल ‘कार्माइन’ कोचिनील नावाच्या कीटकांपासून. जलरंगांच्या अनेक उंची कागदांना जिलेटिनचा लेप असतो, आणि काही जलरंगांत मध किंवा बैलाचे पित्त मिसळलेले असते. यांतील बहुतेक गोष्टींना आज पर्याय आहेत. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे ब्रश स्वस्त, टिकाऊ आणि नवशिक्याला पुरेसे असतात. काळ्यासाठी काजळीपासून बनलेला ‘लॅम्प ब्लॅक’ आणि लालसाठी कृत्रिम रंगद्रव्ये मिळतात. लेबल वाचावे आणि शंका असल्यास दुकानदाराला किंवा उत्पादकाला विचारावे. खाद्यपदार्थांची वेष्टने बारकाईने वाचणाऱ्या घरांना ही सवय नवी नाही.

आता अर्ध्या तासाचा प्रश्न. तो अर्धा तास कोणी कोणाला द्यायचा? घरातील कर्त्या पुरुषाने सायंकाळी फिरायला जाण्याचा, मुलाने क्रिकेटचा, आजोबांनी वर्तमानपत्राचा वेळ कधी मागून घेतलेला नसतो. तो त्यांचा आहे हे घर गृहीत धरते. घरातील सुनेने किंवा आईने रंगपेटी उघडली की मात्र ‘सगळी कामे झाली का’ असा प्रश्न येतो, कधी शब्दांत, कधी नजरेत. कॉन्स्टेबल यांच्या भावाने गिरण्या सांभाळल्या तशी कोणीतरी त्या अर्ध्या तासात गॅसवरचे दूध सांभाळले पाहिजे, दाराची घंटा ऐकली पाहिजे. एवढे झाले तर संकल्प टिकतो. न झाले तर तिच्या चिकाटीला दोष देण्यात अर्थ नाही. हा संकल्प एकाच्या नावावर असला तरी त्याला जामीन साऱ्या कुटुंबाने राहावे लागते.

महिना संपल्यावर काय हाती लागते? तीस चित्रांपैकी पाच-सहा बरी निघतात, बाकीची सामान्य. विक्रीच्या दृष्टीने पाहिले तर व्यवहार तोट्याचाच. परंतु जुन्या पेढ्यांत आजोबांच्या काळातील चोपड्या जपून ठेवलेल्या असतात. त्यांतील देणीघेणी केव्हाच फिटलेली असतात. तरीही त्यांतील एखादे पान उघडले की अमुक तिथीला पेठेत काय चालले होते, कोण गावाला गेले होते, कोणाच्या लग्नासाठी कापड गेले, हे समजते. तारीख लिहिलेल्या छोट्या चित्रांचेही तसेच आहे. चौदा तारखेला पावसात भिजलेले झाड, सतराला रुग्णालयाच्या खिडकीतून दिसणारी समोरची गच्ची, एकोणीस ते एकवीस रिकामे, कारण घरी लग्न होते, आणि बाविसाव्या दिवशी मांडवातून आणलेला झेंडू. वर्षांनंतर नातवंडे हे कागद चाळतील तेव्हा रेषा सरळ होती की वाकडी, याकडे त्यांचे लक्ष जाणार नाही. त्या दिवशी आजी कुठे बसली होती आणि तिला काय दिसत होते, तेवढेच ती शोधतील.