अंगठा कोणाचा?

कर्ज काढणे हे काही पाप नव्हे. आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात भातलावणीसाठी, बैलासाठी, नाहीतर लेकीच्या लग्नासाठी कधीच कर्ज न काढलेले घर शोधूनच काढावे लागेल. काढलेले कर्ज बुडवणे हे मात्र पाप, असे वाडवडिलांनी शिकवले आणि ते मला मान्य आहे. पण या दोहोंहून निराळे असे एक तिसरे पाप अलीकडे आपल्याकडे राजरोस चालू आहे. ज्याने कर्ज घेतलेच नाही त्याच्याकडे ते मागावयाचे, आणि वर ‘तू घेतले नाहीस हे तूच सिद्ध कर’ असे त्यालाच दरडावायचे! फराळाच्या ताटात हा कडू घास वाढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वह्या पुजतो. त्या वहीत कोणाचे नाव कोणी आणि कशाच्या आधारावर लिहावे, हा प्रश्न याच दिवसांत विचारला पाहिजे.

मी वेल्हे तालुक्यातल्या प्राथमिक शाळांतून तीस वर्षे शिकवले. 2024 साली सरकारने या तालुक्याला राजगडचे नाव देण्याचे ठरवले, ते योग्यच झाले. पण माझ्या जिभेवर अजून वेल्हेच आहे. निवृत्तीनंतर मी भोरला राहते. त्याच वर्षी जूनमध्ये माझ्या भाचीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज काढावयाचे होते. तिला वडील नाहीत, म्हणून सहकर्जदार म्हणून मी सही करणार होते. बँकेतला अधिकारी भला गृहस्थ. तो चाचरत म्हणाला, “बाई, तुमच्या नावावर थकबाकी दिसते आहे.”

थकबाकी नऊ हजारांची होती. ज्याला पगार हाती येईपर्यंतची उसनवारी म्हणावी, तसले हे मोबाइलवरून मिळणारे कर्ज. ते देणाऱ्या कंपनीचे नावही मी पूर्वी ऐकले नव्हते. अर्जावर पॅन क्रमांक माझा आणि जन्मतारीख माझी. फोन क्रमांक परका, पत्ता परका, आणि पैसे जमा झाले ते खातेही परके. म्हणजे नाव तेवढे माझे, बाकी सारा संसार दुसऱ्याचा! वास्तविक एवढे पाहून कोणाही शहाण्या माणसाने क्षमा मागून नोंद खोडली असती. कंपनीने मला उत्तर पाठवले ते असे, की आमच्या दप्तराप्रमाणे कर्ज तुम्हीच घेतले आहे. घेतले नसल्यास पुरावा सादर करावा.

न घेतलेल्या कर्जाचा पुरावा कोणत्या दुकानात मिळतो, हे मला कोणी सांगेल काय? मी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केले, पोलिसांत तक्रार दिली, पासबुकाच्या नकला पाठवल्या. दरम्यान वसुलीचे फोन सुरू झाले. ज्या तालुक्यात मला ‘अहो बाई’ याखेरीज दुसरी हाक ठाऊक नव्हती, तिथे विशीतला एक पोर मला फोनवर अरेतुरे करून ‘पैसे खाल्लेस’ म्हणत होता. भाचीची फी भरण्याची मुदत जवळ आली, तेव्हा मी पाटल्या गहाण टाकल्या. न घेतलेल्या खोट्या कर्जापायी मला खरे कर्ज काढावे लागले आणि त्याचे खरे व्याज मी भरले.

हे घडते कसे, ते समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. भाड्याने खोली घेताना, पोरांना शाळेत घालताना आपण आधार आणि पॅनच्या झेरॉक्स देत असतो. द्याव्याच लागतात, न देऊन चालत नाही. त्यांतली एखादी भलत्याच्या हाती गेली की तो आपला फोन क्रमांक घालून अर्ज करतो, आणि खातरजमेचा ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. चोरालाच विचारावयाचे की ‘आपण साव ना?’ आणि त्याने ‘होय’ म्हणताच पैसे मोजावयाचे, अशी ही खातरजमा! पाच मिनिटांत कर्ज, कागद नको, जामीन नको, तोंडदेखील दाखवायला नको, हीच या व्यापाराची जाहिरात. या घाईतून नफा त्यांचा. त्या घाईची किंमत मात्र ज्याचे नाव चोरले त्याची.

हे दुखणे नवे नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामतीकडच्या सुपे गावी, 12 मे 1875 रोजी शेतकरी सावकारांच्या दारी जमले. त्या दंगलीत माणसे मारण्यावर कोणाचा रोख नव्हता. लोकांनी मागितली ती कर्जखते, आणि हाती लागली ती जाळली. का? कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते, आणि एकदा अंगठा उठला की कोर्ट त्या कागदापलीकडे पाहत नव्हते. पुढे 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचे कर्जखत गाव-निबंधकासमोर लिहिले गेले पाहिजे, त्याच्या देखत सही-अंगठा झाला पाहिजे, एरवी ते कोर्टात चालणार नाही, असे त्याने ठरवले. कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचे कामही न्यायाधीशावर टाकले. परक्या सरकारचा कायदा, आणि त्यात पळवाटाही निघाल्या. पण नुसता कागद म्हणजे कर्ज नव्हे, एवढे त्या सरकारला दंगल झाल्यावर का होईना समजले. आज दीडशे वर्षांनी अंगठ्याच्या जागी ओटीपी आला, आणि आपण फिरून ‘दप्तरात आहे म्हणजे खरेच’ या जागी येऊन बसलो.

आता कोणी म्हणेल, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत की! आहेत, आणि त्यांतले काही चांगलेही आहेत. 2017 साली तिने बँकांना बजावले, की ग्राहकाच्या खात्यातून त्याच्या परवानगीवाचून पैसे गेले, तर त्यात दोष ग्राहकाचा हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. 2022 साली सांगितले की मोबाइलवरच्या कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जावेत, आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने लोकांच्या फोनमधली नावांची यादी उचकू नये. उत्तम! पण पहिला नियम आहे तो माझ्या खात्यातून गेलेल्या पैशाला. माझ्या नावावर टाकलेल्या कर्जासाठी तितक्याच स्वच्छ शब्दांत ‘भार कर्ज देणाऱ्यावर’ असे का म्हटलेले नाही? घरातून चोरीला गेले तर रखवालदाराने जाब द्यावयाचा, आणि चोराने माझे नाव सांगून उधारी केली तर जाब मी द्यावयाचा, हा कोठला न्याय?

पतनोंदीचे पाहा. लोक जिला नुसते ‘सिबिल’ म्हणतात, तसल्या चार कंपन्या देशात आहेत. नोंद चुकीची असल्यास तक्रार तीस दिवसांत निकालात काढावी, उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम 2024 च्या एप्रिलपासून लागू झाला. माझी तक्रार मुदतीतच निकालात निघाली! पतनोंद ठेवणाऱ्यांनी कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारले, तिने ‘आमचे दप्तर बरोबर आहे’ असे कळवले, आणि तक्रार बंद. म्हणजे आरोपी तोच, साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच. नियमाने दिवस मोजले. सत्य कोणी मोजायचे?

2022 साली चित्रपट अभिनेते राजकुमार राव यांनी जाहीर केले, की आपला पॅन वापरून कोणी अडीच हजारांचे कर्ज काढले आहे. वर्तमानपत्रांनी ते छापले. त्याच सुमारास एका नामवंत अभिनेत्रीची अशीच तक्रार झटपट सुटली आणि तिने आभारही मानले. ठीक झाले. पण मढे घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या, फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाड चढणाऱ्या आमच्या माणसाने कोठे जाहीर करावे? शिरवळच्या कारखान्यात कामाला जाणारा माझा एक जुना विद्यार्थी अशाच फोनांना कंटाळून म्हणाला, “बाई, चार हजार आहेत, भरून मोकळा होतो.” मी त्याला थांबवले. न घेतलेले कर्ज भरणे म्हणजे आपण होऊन अंगठा उठवणे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मग खरे कर्जदारही ‘मी घेतलेच नाही’ म्हणून हात वर करतील. करू देत! पैसे कोणत्या खात्यात गेले, ते खाते कोणाचे, फोन कोणाच्या नावाचा, हे कर्ज देणाऱ्याला शोधता येते. मला येत नाही. ज्याच्या हाती पुरावा, त्यानेच तो द्यावा. दुसरा आक्षेप शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, आणि तो अधिक बोचतो: ‘तुम्हीच कोठे तरी कागद दिले असतील.’ अहो, कागद सगळेच देतात, कारण सगळेच मागतात. घराचा पत्ता गावाला ठाऊक असणे हा दरोड्याला दिलेला रुकार नव्हे.

तोवर करावयाचे काय, तेही सांगते. वर्षातून एकदा पतनोंदीचा अहवाल प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो, तो मागवावा. परके कर्ज दिसताच 1930 या क्रमांकावर आणि पोलिसांत तक्रार करावी. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कंपनीला लेखी कळवावे, पोच जपून ठेवावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. मी गेले. त्यानंतर कंपनीचे पत्र आले, की ‘सदिच्छा म्हणून’ आपली नोंद काढून टाकीत आहोत. सदिच्छा! माझे नाव मला परत देताना जणू दिवाळीची ओवाळणी घालीत होते.

आम्हाला ओवाळणी नको. कर्ज माणसाने घेतले हे कर्ज देणाऱ्याने सिद्ध करावे. ते सिद्ध होईपर्यंत वसुली थांबावी आणि नोंद बाजूला ठेवावी. सिद्ध न झाल्यास झालेले नुकसान त्याने भरून द्यावे. मागणी एवढीच आहे. ज्याने तोंड न पाहता पैसे दिले, त्याने तोंड न उघडता तोटा सोसावा.