आवक कुठली, जावक कुठली?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. काखेत जुन्या लुगड्यात बांधलेले गाठोडे. सोडून पाहिले तर आत एक व्हीसीआर आणि चार कॅसेटी. वीस-बावीस वर्षे पोटमाळ्यावर पडून होत्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यात आमचं लग्न आहे. एवढं चालू करून द्या. पोरीने बापाचा आवाज ऐकलेला नाही."

वहिनींचे मालक, म्हणजे आमचे दादा, २००२ साली गेले. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. आज तिच्या कडेवर तिचे मूल आहे. घरात दादांचे फोटो आहेत, कंपनीचे ओळखपत्र आहे, पण आवाज कुठेच नाही. त्या काळी आपल्या घरांत मोबाइल कुठे होते? लग्न १९९३ चे. आम्ही शाळकरी, पंगतीत पाणी वाढत होतो आणि व्हिडिओवाल्याचा दिवा फिरला की मुद्दाम त्याच्यापुढे जाऊन उभे राहत होतो. दादांनी माइकवर प्रतिज्ञा म्हटली होती. ती कॅसेटमध्ये उतरली असेल, एवढीच वहिनींची भिस्त.

व्हीसीआरला करंट दिला तर दिवा लागला. यंत्र जिवंत होते. पण टीव्हीला जोडायची वायर? वहिनी म्हणाल्या, "ती मागेच भंगारात गेली. वायरच ती, म्हटलं काय ठेवायची!"

पुष्कळ घरांत हेच झाले असणार. यंत्र जपले, कॅसेट जपली आणि दोघांना जोडणारी वायर फेकून दिली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हिडिओचे वेड. वर्गणी काढून रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर बघायचे, हे आमच्या पिढीने केलेले आहे. त्या व्हीएचएस कॅसेटची सुरुवात जपानात १९७६ साली झाली. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आता नवा व्हीसीआर बनत नाही. सुदैवाने वायर मात्र नुसत्या व्हीसीआरची नव्हती. तीच लाल-पिवळी-पांढरी वायर डीव्हीडी प्लेअरला लागायची, सेट-टॉप बॉक्सबरोबरही यायची. म्हणून बाजारात जाण्याआधी घरातले खण उपसा. आम्हाला आमच्या कपाटाखालीच एक सापडली.

आता मुद्द्याचे. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, विजेतले आम्हाला काय कळणार? पण ऑफिसात आवक-जावक रजिस्टर सांभाळून हयात गेली, ते इथे कामी आले. व्हीसीआरच्या मागे काही भोकांवर 'इन' लिहिलेले असते, काहींवर 'आऊट'. इन म्हणजे आवक, आऊट म्हणजे जावक. कॅसेट बघायची असेल तर व्हीसीआरच्या जावकेतून निघून टीव्हीच्या आवकेत जायचे. एवढे डोक्यात बसले की अर्धे काम झाले. निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. इनमध्ये पिन खुपसतात आणि यंत्र बिघडले म्हणून मोकळे होतात.

पिवळी पिन चित्राची. पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची, लाल उजव्या बाजूच्या. जुन्या साध्या व्हीसीआरला आवाजाचे एकच भोक असते. ते पाहून घाबरू नये, आवाज एकेरी आहे एवढाच त्याचा अर्थ. टीव्हीच्या एकाच बाजूने ऐकू येईल. खटकत असेल तर एका पिनेच्या दोन करणारा जोड मिळतो. याशिवाय अँटेनाच्या पिनेसारखी गोल जावक असते. तिच्यातून चित्र आणि आवाज एकत्र, एखाद्या टीव्ही केंद्रासारखे निघतात आणि टीव्हीवर चॅनेल शोधावे लागते. बऱ्याच व्हीसीआरचे ते यूएचएफच्या ३६ नंबरच्या आसपास सापडते. ज्यांच्याकडे जुना डबा टीव्ही आहे आणि त्याला रंगीत भोकेच नाहीत, त्यांना हाच मार्ग. चित्र थोडे खरखरते, पण दिसते.

लग्नाची कॅसेट आम्ही एकदम लावली नाही. पडून राहिलेला व्हीसीआर फीत गिळतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. आधी आमच्याकडची एक टाकाऊ कॅसेट घातली, जुना कृष्णधवल पिक्चर. तो धड चालला, गुंडाळलाही गेला. मग वहिनींच्या कॅसेटच्या कडेला असलेली प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाकली. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. लहान मुलांच्या हाताखाली रेकॉर्डचे बटण येऊ शकते. ही पट्टी प्रत्येकाने आजच मोडावी, कॅसेट बघायची असो वा नसो.

कॅसेट लागली. विहार दिसले, पाहुणे दिसले. पांढऱ्या साडीतल्या वहिनी, पांढऱ्या कपड्यांतले दादा. सगळे टीव्हीपुढे गप्प बसलेले. पाचेक मिनिटांनी वहिनीच म्हणाल्या, "अहो, झेंडा असा करडा कसा दिसतो?" तेव्हा आमच्या लक्षात आले, पंचरंगी ध्वजात एकही रंग नव्हता. आमच्याकडे लग्नात सगळेच पांढऱ्यात, त्यामुळे चित्राचा रंग गेलाय हे कुणाला कळलेच नाही! आणि आवाजाच्या जागी नुसती घूंऽऽ.

रंगाचे कारण आमच्या टीव्हीत निघाले. काही टीव्हींना पिवळे भोक वेगळे नसते, हिरवे भोकच दोन कामे करते. त्यात पिवळी पिन घालायची, पण टीव्हीच्या यादीत निवड 'एव्ही'ची करायची. आम्ही 'कंपोनंट' निवडले होते. कंपोनंटमध्ये हिरव्या वायरीतून उजेड-अंधाराचा हिशेब येतो आणि रंग दुसऱ्या दोन वायरींतून. त्या दोन नव्हत्याच, मग रंग कुठून येणार? रिमोटवर निवड बदलली आणि ध्वज निळा, पिवळा, लाल झाला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

आवाजाला मात्र तासभर गेला. व्हीसीआर बिघडला असे आमचे मत पडले होते. शेवटी वहिनींच्या जावयांनी पांढरी पिन काढून त्या जागी दोन्हीकडे लाल घातली. घूं थांबली, वाजंत्री ऐकू आली. पांढरी वायर आतून तुटलेली होती. रंग हे फक्त ओळखीसाठी असतात, आतली तार लालची काय आणि पांढरीची काय, सारखीच. एवढे साधे आम्हाला सुचू नये, याची आजही लाज वाटते.

मग दादा माइकसमोर आले. प्रतिज्ञा म्हणताना मध्येच अडखळले, मागून कुणीतरी शब्द सुचवला, दादा हसले आणि पुढे म्हणू लागले. मुलगी म्हणाली, "हे पप्पा?" मग म्हणाली, "बारीक आवाज आहे की." फोटोतल्या मिशांवरून तिने मोठा आवाज धरला होता.

पुढचा घोळ तिच्या घरी झाला. तिचा टीव्ही नवा. त्याला रंगीत भोके नाहीत, हेडफोनच्या पिनेएवढे एकच भोक, त्यावर एव्ही लिहिलेले. जुन्या कॅमेऱ्याची तशीच पिन असलेली वायर जावयांनी कुणाकडून तरी आणली. पिन बसली, पण चित्र फाटलेले आणि आवाज किर्र. भोकात बसते ती वायर बरोबरच असते, असे नाही. या बारीक पिनेवर चार कडी असतात आणि कोणत्या कड्यावर चित्र, कोणत्यावर आवाज, हे कंपनीगणिक वेगळे. लाल-पिवळ्यांची अदलाबदल करून कधी कधी जमते. आमचे जमले नाही. टीव्हीबरोबर आलेली वायर असेल तर ती सर्वांत उत्तम. ती टाकून देऊ नका.

म्हणून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. व्हीसीआरच्या तीन रंगांतून एचडीएमआयमध्ये नेणारी डबी मिळते. दुकानदाराने दिली, घरी आणली, काही दिसेना. पुन्हा तेच आवक-जावक! आमच्या हातात 'एचडीएमआय टू एव्ही' पडली होती, हवी होती 'एव्ही टू एचडीएमआय'. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. दुसऱ्या दिवशी बदलून आणली. डबीवरची अक्षरे दुकानातच वाचावीत, आणि तिला मोबाइलच्या चार्जरसारखा पाच व्होल्टचा करंट लागतो हेही लक्षात ठेवावे.

ही डबी फक्त दाखवते, साठवत नाही. साठवायला यूएसबी कॅप्चरचा तुकडा संगणकाला जोडावा लागतो; त्याच तीन पिना त्यात जातात. झेरॉक्ससारखे भराभर निघत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास बसावेच लागते. संगणकावर पद्धत 'पॅल' निवडा, आपल्याकडची ती आहे. अमेरिकेतल्या नातलगाने पाठवलेली कॅसेट असेल तर 'एनटीएससी', आणि ती वाचणारा व्हीसीआरही हवा. व्हीसीआरला चार काड्यांचे गोल एस-व्हिडिओ भोक असेल तर चित्रासाठी ते वापरा, रंग आणि उजेड वेगवेगळे जात असल्याने चित्र स्वच्छ येते. मात्र त्यातून आवाज जात नाही, पांढरी-लाल लावावीच लागते.

दोन रविवार आणि एक रजा खर्ची पडली. लग्न आता मुलीच्या मोबाइलमध्ये आहे, भावाच्या संगणकात आहे, आणि एका पेनड्राइव्हवर वहिनींच्या ट्रंकेत आहे. दुसरी कॅसेट बारशाची, तीही झाली. तिसरीवर १९९१ ची, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची मिरवणूक निघाली. तीत वस्तीतली आज नसलेली किती माणसे दिसतात, ती नावे लिहून काढायचे काम म्हाताऱ्यांना दिले आहे.

चौथी कॅसेट लावलेली नाही. तिच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी आहे. तशीच घातली तर व्हीसीआरच्या हेडला लागेल आणि मग पुढच्या प्रत्येक कॅसेटला. साफ करणारा जाणकार शोधतो आहोत. वरचा कागद गळून गेल्यामुळे तिच्यात काय आहे, हे वहिनींनाही आठवत नाही. तोवर ती आमच्या कपाटात, कोरड्या डब्यात उभी ठेवली आहे.