घरपोच आहार मिळतो, घरपोच खेळही हवा

अंगणवाडीचा विषय निघाला की आपली चर्चा आहार, वजन आणि कुपोषणाभोवतीच फिरते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी अंगणवाडीतून घरपोच आहार जातो, पण त्याच्याशी कसे बोलावे-खेळावे हे आईबापांना दाखवायला सहसा कोणी जात नाही. ही उणीव महागात पडते. १९८६-८७ मध्ये जमैकातील किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटाने वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर प्रयोग केला. काहींना दोन वर्षे पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ मिळालेल्या मुलांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा लाभ टिकलेला दिसला नाही. आहार बंद करा, असा याचा अर्थ मुळीच नाही. भुकेले मूल खेळणार कसे?

त्या तासाभरात भाषण नव्हते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. टाकाऊ वस्तूंची खेळणी घरी ठेवून जायची, आईने मुलाला खेळवायचे, सेविकेने जे जमले त्याचे कौतुक करायचे. वर्षातून एकदा मांडव घालून भरवलेल्या पालक मेळाव्यातून हे साधत नाही. १२९ मुलांवरून धोरण कसे ठरवायचे, ही शंका रास्त आहे. म्हणूनच ओडिशाचा अनुभव महत्त्वाचा. तिथे १९२ गावांत हीच पद्धत तपासली गेली. घरभेटींनी मुलांच्या आकलनात फरक पडलाच, पण आयांना मुलांसह गटाने बसवूनही जवळपास तेवढाच पडला, आणि तोही बऱ्याच कमी खर्चात.

मजुरीवरून थकून आलेल्या आईला सरकारने आता पालकत्वही शिकवायचे का, असे विचारले जाते. आईला दोष देणारा कार्यक्रम असेल तर तो नकोच. पण यातले बहुतेक खेळ अंघोळ घालताना, भाजी निवडताना होतात, आणि आजीची बडबडगीते हे त्यांचे उत्तम भांडवल आहे. १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यावरच्या अंगणात, पाने-शिंपल्यांच्या साधनांनी हेच केले होते.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. केंद्राने २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' आराखडा आणला, त्यात घरी करायचे खेळ महिन्यांनुसार दिले आहेत. पण ते घरोघर नेणार कोण? आहार, लसीकरण, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरून दमलेल्या सेविकेवरच हे लादले, तर भेटी कागदावरच होतील. प्रत्येक अंगणवाडीत या कामासाठी वेगळी, योग्य पगाराची दुसरी सेविका हवी. आणि गटाच्या बैठका संध्याकाळी घ्याव्यात, म्हणजे वडिलांनाही मांडी घालून बसता येईल.