पट्टा हातात असू द्या

"घाबरू नका, तो काही करत नाही." कुरुळीत पहाटे फजरच्या नमाजला निघालो की हे वाक्य हमखास कानावर पडतं. कुत्रा मोकळा पुढे, मालक मोबाईल बघत मागे. तो काही करत नाही हे मालकाला ठाऊक. समोरच्याला कसं कळावं? त्याच वेळी चाकणच्या कंपन्यांतली माणसं रात्रपाळी उरकून परतत असतात. घाबरून पळालं की कुत्रा हमखास मागे लागतो, आणि पुढे पुणे-नाशिक महामार्गाची वाहनं.

कुत्र्याची लाळ लागली तर आम्हाला नमाजआधी कपडे धुवावे लागतात. म्हणून आपल्यातले काहीजण कुत्र्याचाच राग करतात, मुलं दगड मारतात. हेही चूकच. तहानेनं व्याकुळ कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहनं माफ केलं, अशी हदीस बुखारीत आहे. तक्रार कुत्र्याबद्दल नाही, सुटलेल्या पट्ट्याबद्दल आहे.

पाळलेल्या जनावरापासून कोणाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शेजारधर्माला कलम कशाला हवं? पट्टा आखूड धरा, माणूस दिसला की कुत्र्याला आपल्या बाजूला घ्या. दांडगा कुत्रा लहान मुलाच्या हाती देऊ नका. घाण उचला, रेबीजची लस चुकवू नका.

आणि आपणही मुलांच्या हातातला दगड खाली ठेवायला लावू या.