अभ्यास कुणाचा, अभ्यासक कोण?

पुण्यातील वस्त्यांत राहणाऱ्या बायकांना सर्वेक्षणाची आता सवय झाली आहे. घरात माणसे किती, संडास आहे का, नवरा मारतो का? उत्तरे देऊन झाली की विचारणारी मंडळी निघून जातात. अहवाल बहुधा इंग्रजीत निघतो आणि वस्तीत परत येत नाही. अलीकडे मात्र याच वस्त्यांतील काही मुली एम.ए. होऊन पीएच.डी.साठी नाव नोंदवू लागल्या आहेत. प्रश्नावली घेऊन येणारी आता कुणाची तरी भाची असते. काय विचारायचे हे तिला कळते, आणि काय विचारायचे नाही हेही. हा बदल लहान नाही, आणि तो बराचसा शिष्यवृत्तीच्या पैशांवर उभा आहे.

या परंपरेचे मूळ पुण्यातच आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवर निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा जातीच्या बंदिस्तपणाशी असलेला संबंध त्यांनी त्यात उलगडून दाखवला. स्त्रीवरील बंधनांशिवाय जात टिकत नाही, हे एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याने मांडले, हे आपण विसरू नये. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, हेही विसरू नये.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १९६९ साली सांता बार्बारा येथे एकत्र येऊन, आपल्या समाजाचा अभ्यास आपल्याला करू द्या, अशी मागणी करणारा आराखडाच तयार केला. त्या चळवळीतील स्त्रियांना मात्र स्वतःच्या पुरुषांशीही झगडावे लागले. हे आपल्याला ओळखीचे वाटेल.

‘आपल्याच समाजावर संशोधन केले तर तटस्थता कशी राहणार?’ असा सवाल या मुलींना तोंडी परीक्षेत हमखास येतो. पेशवाईवर लिहिणाऱ्या सदाशिव पेठेतील अभ्यासकाला तो कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्या ‘आतल्या’ होत्या म्हणूनच त्या बायका बोलल्या. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातील शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना ज्ञानाचे साधन मानले, तेव्हा अभ्यासाची चौकटच बदलली. मात्र वस्तीतील मुलीने वस्तीवरच लिहावे, अशी सक्तीही नको. तिला खगोलशास्त्र करायचे असेल तर तेही तिचेच.

आता पैशाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. बार्टी, सारथी, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या तिन्ही पुण्यातच आहेत. तरीही २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांना मुंबईत आझाद मैदानावर बसावे लागले. मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती तर २०२२-२३ पासून बंदच झाली. रक्कम सहा महिने रखडली तर मुलगा मित्राच्या खोलीवर राहून दिवस काढतो. मुलगी गावी परतते, आणि गावी स्थळ तयारच असते. आमच्या गटातील एकीचे असेच झाले. पैसे आले, तोवर तिचे लग्न झाले होते. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा २०१६ च्या नियमांनी दिली आहे. पण हाती पैसाच नसेल तर मुदत वाढवून काय उपयोग?

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. पगार जसा महिन्याच्या महिन्याला होतो, तशीच अधिछात्रवृत्ती मिळाली पाहिजे. जाहिरातीची आणि निवडीची तारीख दरवर्षी ठरलेली असावी. प्रत्येक प्रबंधाचा मराठी सारांश ज्या वस्तीतून माहिती गोळा केली, तिथे वाचून दाखवला जावा. शिष्यवृत्ती हा उपकार नव्हे. ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांच्या लेकींचा तो वाटा आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीतील एखादी मुलगी संशोधन करीत असेल तर तिला ‘लग्न कधी?’ असे विचारू नका. ‘पैसे वेळेवर येतात का?’ असे विचारा. आणि येत नसतील तर अर्जावर तिच्या सहीखाली तुमचीही सही करा.