पहिल्या अर्थाचा मोह

परवा शेजारची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी एका इंग्रजी वृत्ताचे आपण केलेले भाषांतर दाखवावयास आली. एका राष्ट्राने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादल्याची ती बातमी. तिच्या वहीत मात्र ‘मंजुरी लादली’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. मंजुरी कोणी कोणावर लादते काय, असे मी विचारताच तिने मोबाइलवरील कोश पुढे केला, आणि खरोखरच तेथे पहिला अर्थ संमती हाच होता. निर्बंध खाली होता, आणि तिथवर तिची नजर पोहोचलीच नव्हती.

हा दोष तिच्या एकटीचा नव्हे. जो अर्थ अग्रभागी, तोच मुख्य, असे आपण सारेच धरून चालतो. त्या अनुक्रमामागे कोशकाराचा कायदा कोणता, याची चौकशी क्वचितच करतो. १८८४ पासून १९२८ पर्यंत खंडशः प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा बृहत्कोश अर्थ इतिहासक्रमाने मांडतो, म्हणूनच ‘नाइस’ ह्या आजच्या प्रशंसावाचक शब्दाखाली मूर्ख, अज्ञ हा जुना अर्थ आरंभीच भेटतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ मध्ये आरंभलेल्या ‘वर्डनेट’ ह्या इंग्रजी शब्दजालाची तऱ्हा निराळी. तेथे क्रम लागतो तो वापराच्या वारंवारतेवर. परंतु ही मोजदाद ज्या मजकुरावरून झाली, तो बव्हंशी १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या लेखनाच्या एका संग्रहातला असल्यामुळे, ‘बँक’ म्हणजे तेथे आधी नदीचा काठ आणि मागाहून पेढी.

ह्याच शब्दजालाचे खरे वैभव मात्र क्रमात नसून नात्यांत आहे. समानार्थी शब्दांचे संच करून ते एकमेकांशी जोडलेले असल्याने, कुत्र्यापासून निघालेला जिज्ञासू श्वानकुल, मांसभक्षक, सस्तन, पृष्ठवंशी अशा पायऱ्या चढत सजीवमात्रापर्यंत जातो, आणि वाटेत लांडगा व कोल्हा हे आपल्या कुत्र्याचे भाऊबंद आहेत हे त्याला कोणी न सांगता उमगते. मुंबईच्या आयआयटीत हिंदीचे व मराठीचे शब्दजाल ह्याच तत्त्वावर विणले गेले आहे, आणि तेही आपल्या विद्यार्थ्यांनी उघडून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आम्ही दोघांनी मग ‘सँक्शन’ची नोंद अखेरपर्यंत वाचली. लॅटिनमधील मूळ धातूचा अर्थ पवित्र, अनुल्लंघनीय ठरविणे. त्यातून एकीकडे अधिकृत अनुमती निघाली आणि दुसरीकडे आज्ञाभंगाबद्दलची शिक्षा. तिने ‘मंजुरी’वर रेघ मारून ‘निर्बंध’ लिहिले, आणि वही मिटण्याऐवजी पहिल्या ओळीपासून एकेक शब्द पुन्हा शोधावयास घेतला.